तीन ओळींची जागा

१

मंगळवार हा माझा क्रुसांचा दिवस. बाकीचे दिवस सोसायट्यांच्या पाट्या, दवाखान्यांचे फलक, 'येथे गाडी लावू नये' वगैरे. गोखिवऱ्याच्या नाक्याजवळ माझं दहा बाय बाराचं दुकान आहे आणि हाताने अक्षर लिहिणारा ह्या पट्ट्यात आता मी एकटाच उरलोय. संगणकावरचं अक्षर लवकर होतं आणि मेलेलं दिसतं. मेलेल्या माणसाचं नाव मात्र लोकांना अजून हाताने लिहून हवं असतं. किनाऱ्याकडच्या गावांतली ख्रिस्ती मंडळी क्रूस घेऊन येतात आणि मी नाव, जन्म, मृत्यू लिहून देतो. माझी बायको आशालता म्हणते, "तुमच्याकडे जिवंत माणसं येतात ती फक्त पार्किंगच्या भांडणासाठी."

त्या मंगळवारी अकराच्या सुमारास टिफनी आली. राजोडीच्या फ्रेडरिकची मुलगी. फ्रेडरिक चित्रकार, माझा जुना मित्र, दोन महिन्यांपूर्वी झोपेत गेला. त्याचा क्रूस मीच लिहिला होता आणि आयुष्यात पहिल्यांदा एकच अक्षर दोनदा पुसून काढावं लागलं होतं. टिफनीच्या काखेत चादरीत गुंडाळलेलं काहीतरी चपटं, मोठं होतं. ती दारात थांबली, मान खाली घातली, गुडघ्यांत किंचित वाकली आणि आत आली.

माझ्या दुकानाचं शटर पूर्ण वर होतं. ते सात फुटी आहे. टिफनी जेमतेम सव्वापाच फूट. चप्पल तुटली असेल असं वाटून मी खाली बघितलं. चप्पल धड होती.

"बस," मी म्हटलं. "मम्मी कशी आहे?"

"बरी आहे, अंकल. चर्चमध्ये महिन्याची मिस्सा झाली तेव्हापासून थोडं जेवते." तिने चादर सोडली आणि आतला बोर्ड माझ्या टेबलावर ठेवला. "पप्पांच्या कपाटात होतं हे. मी काहीच बोलत नाही. तुम्ही बघा आणि ह्यात काय बदललंय ते मला सांगा."

२

सात वर्षं मी 'महाबाहू' ह्या चित्रकथेची अक्षरं लिहिली. वालीवच्या एका गाळ्यात छापखाना होता, तिथून दर महिन्याला अंक निघायचा. महाबाहू म्हणजे लांब हातांचा, छातीवर सूर्य मिरवणारा, संकटातही बत्तीस दात दाखवून हसणारा गडी. कोसळणारं सावरून धरायचं, एवढंच त्याचं काम. पूल, धरणं, एकदा तर चंद्रसुद्धा. फ्रेडरिक राजोडीला बसून पानं काढायचा, बोलण्याच्या जागी रिकामे फुगे सोडायचा. संपादक संवाद टाइप करून द्यायचे आणि मी ते फुग्यांत उतरवायचो. आमच्या दोघांत एक करार होता, कधी तोंडाने न बोललेला. त्याने माझ्या अक्षराला हात लावायचा नाही, मी त्याच्या रेषेला.

अठ्ठ्याऐंशीव्या अंकाच्या शेवटच्या चौकटीत एक फुगा जास्त निघाला. त्याचा संवाद कागदावर नव्हता. संपादक बाहेर गेलेले, पान न्यायला आलेला माणूस दारात उभा. रिकामा फुगा छापायला जाऊ द्यायचा नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. अशा वेळी अक्षर लिहिणाराच 'सावधान' किंवा 'अरे देवा' असलं काहीतरी घालून मोकळा होतो. चित्रात शाळेचा स्लॅब खाली आलेला, महाबाहूने तो खांद्यांवर तोलून धरलेला, आणि त्याच्या पुढ्यात फ्रॉक घातलेली एक लहान मुलगी. मी लिहिलं, 'हलू नकोस! मी सांगेपर्यंत हलू नकोस.' मला ते फार आवडलं होतं. संपादकांपेक्षा आपण बरं लिहितो, असंही वाटून गेलं होतं.

पुढचा अंक निघाला नाही. मालकांनी महिन्याभरात गाळ्याला कुलूप लावलं. ते साल दोन हजार तीन. वाचकांची पत्रं वर्षभर येत होती, पण पोस्टमन ती कुलपाखालच्या फटीतून आत सरकवायचा, त्यामुळे ती कुणी वाचली नाहीत. अजूनही पाटी करायला आलेला एखादा टक्कल पडलेला माणूस मला ओळखतो आणि आवाज खाली आणून विचारतो, "काका, शेवटी ती मुलगी वाचली का हो?"

"वाचली असणार," मी म्हणतो.

त्या मुलीचा चेहरा फ्रेडरिकने आपल्या मुलीवरून घेतला होता. टिफनी तेव्हा सात वर्षांची होती.

३

बावीस वर्षांनी मी त्या शेवटच्या चौकटीचं मूळ पान बघत होतो. कागद पिवळा पडला होता, काळ्या शाईला कडेने तपकिरी रंग आला होता. पहिली नजर अर्थातच माझ्या अक्षरावर गेली. अक्षर अजून चांगलं होतं. मग मी फळीवरचा छापील अंक काढला आणि बोर्डाशेजारी उघडून ठेवला.

चित्रकार कसं मोजतो मला माहीत नाही. मी ओळींनी मोजतो. कुठलीही मोकळी जागा बघितली की इथे आपल्या किती ओळी बसतील, हे मला आधी दिसतं. मुलीचं डोकं आणि वरचा स्लॅब ह्यांच्या मधल्या जागेत 'क्रमशः' घालावं का, असा विचार मी तेव्हा केला होता, म्हणून मला पक्कं आठवत होतं. तीन ओळींची जागा होती. छापील अंकात अजूनही तीन ओळी बसत होत्या. मूळ पानावर मी पट्टी धरली. पावणेदोन.

समुद्राकाठचं घर, दमट हवा, कागद आक्रसला असेल, असं मी स्वतःला समजावलं. पण कागद आक्रसला असता तर माझी अक्षरंही आक्रसली असती. ती होती तेवढीच होती.

आणखी एक गोष्ट होती. छापील अंकात महाबाहू हसत होता. मूळ पानावर त्याचं तोंड मिटलेलं होतं.

"जागा कमी झालीये," मी म्हटलं. तोंडाचं बोललो नाही.

टिफनीने डोळे मिटून घेतले. "थँक्यू, अंकल," ती म्हणाली. "मला वाटलं, मला एकटीलाच दिसतंय."

४

तिने बोर्ड उलटा केला. मागे फ्रेडरिकच्या बारीक हस्ताक्षरात पेन्सिलीने यादी होती. 'मे २००५. अडीच. कड वर घेतली.' 'मे २००६. पावणेतीन. वर घेतली.' असं दरवर्षी, गेल्या वर्षापर्यंत. माझ्या संगतीत राहून तोसुद्धा ओळींनीच मोजायला शिकला होता. मी पान पुन्हा सुलटं करून बोट फिरवलं. स्लॅबच्या खालच्या कडेला कागद ब्लेडने इतक्या वेळा खरवडलेला, वर पांढऱ्या रंगाचे इतके थर चढवलेले, की तिथे बोटाला गिलावा लागत होता.

"वर्षातून एकदा पप्पा खोलीचं दार लावून घ्यायचे," टिफनी म्हणाली. "आतून खर्र खर्र आवाज यायचा. काय करताय विचारलं तर म्हणायचे, जरा उंच करतोय."

यादीच्या खाली, थोडी जागा सोडून, शेवटची ओळ होती. 'प्रल्हादला सांगायचं नाही.'

प्रल्हाद म्हणजे मी. मी ती ओळ दोनदा वाचली.

"अठराव्या वर्षी पुण्याला नर्सिंगला ॲडमिशन मिळाली," टिफनी सांगत होती. "बॅग घेऊन फाटकापर्यंत गेले आणि थांबले. पायच उचलेनात. सगळ्यांना वाटलं, घाबरली. मग इथेच शिकले. आता नालासोपाऱ्याला ड्युटीला रोज जाते, बाजारात जाते, चर्चला जाते. परत यायचं असलं की पाय उचलतात, अंकल. जायचं म्हणून निघाले की नाही." तिने चादरीची घडी घातली. "जेन्सन आयर्लंडला आहे. लग्न तिकडेच करायचं ठरलंय, मला तिकडे नोकरीपण आहे. मागच्या वर्षी तिकीट फुकट गेलं. आता एकवीस तारखेचं आहे. तो म्हणाला, ह्या वेळी नाही आलीस तर... पुढे बोलला नाही. चांगला आहे तो."

"आणि आत येताना वाकलीस ते?"

"पप्पा गेल्यापासून. डोक्यावर काहीतरी आहे असं वाटतं. लागत नाही, पण आहे. एक्स-रे काढला, त्यात काही नाही."

लहानपणी बघितलेलं चित्र मनात घर करून राहतं, बापाच्या दुःखाने असले भास होतात, असं बरंच काही मी तिला सांगितलं. ते मला पटतही होतं. ती ऐकून घेऊन हसली, आणि हसताना तिचा हात आपोआप डोक्यावर गेला.

बोर्ड ती ठेवून गेली. "चित्र पप्पांचं, अक्षर अंकलचं, असं पप्पा नेहमी म्हणायचे," ती म्हणाली. "चित्राचं करणारा तर गेला." एकवीस तारखेला बारा दिवस होते.

५

दुपारी दीड ते चार मी शटर अर्ध्यावर ओढतो आणि पंख्याखाली आडवा होतो. त्या दुपारी डोळा लागता लागता आवाज आला. कुणीतरी चाळणीतून रवा चाळत असावं तसा, अगदी हलका. थांबायचा, पुन्हा यायचा. माझ्या डोक्यावर क्लासची खोली आहे आणि ती मेमध्ये बंद असते. मी उठलो. बोर्ड भिंतीला टेकवून टेबलावर उभा ठेवला होता. त्याच्या खालच्या कडेला करड्या धुळीची बारीक रेघ पडली होती. चिमटीत घेऊन चोळली. सिमेंट होतं.

गोखिवऱ्यात चारी बाजूंनी इमारती उभ्या राहताहेत, सिमेंट माझ्या चहातसुद्धा असतं. मी टेबल पुसलं, बोर्डावर प्लॅस्टिक घातलं. दुसऱ्या दुपारी धूळ प्लॅस्टिकच्या आत होती. पट्टी धरली तेव्हा दीड ओळ. शुक्रवारी सव्वा. सोमवारी मी पट्टी धरायचं टाळलं आणि त्याच दिवशी आशालता डबा घेऊन आली. मी तिला काहीच सांगितलेलं नव्हतं. ती चित्रासमोर उभी राहिली.

"किती दमलाय हो हा," ती म्हणाली.

"कोण?"

"हाच. गुडघे बघा त्याचे. आणि ती पोर बिचारी अजून ह्याच्या सांगण्याची वाट बघतेय." तिने डब्याचं झाकण काढलं. "हे वाक्य कुणी लिहिलं? सांगेपर्यंत म्हणे. मग सांगा की."

मी जेवलो, पण काय जेवलो ते आठवत नाही. इतकी साधी गोष्ट होती. फुग्यावर कागदाची पट्टी चिकटवायची आणि दुसरा शब्द लिहायचा. धंद्यात असताना चुका झाल्या की आम्ही रोज हेच करायचो, पाच मिनिटांचं काम. फ्रेडरिक दर नाताळाला माझ्याकडे यायचा, केक आणायचा, तास तास बसायचा. बावीस वर्षांत एकदा म्हणाला असता, 'प्रल्हाद, तो शब्द बदल,' तर मी हसत बदलला असता. त्याऐवजी त्याने ब्लेड घेऊन स्लॅब वर घेतला, दरवर्षी, दार लावून, आणि मागे लिहून ठेवलं की मला सांगायचं नाही. मला त्याचा भयंकर राग आला. मुलगी घर सोडून जायला नको होती त्याला, असंही मनात आलं. ह्या विचाराची मला नंतर लाज वाटली.

६

वीस तारखेला दुपारी मी पट्टी कापून ठेवली, पांढरा रंग कालवला, शाई गाळून घेतली. जुना कागद गोंद सहन करील का ते बघायला भिंग लावलं, आणि फुग्यापासून सुरुवात करून सगळं पान भिंगाखालून फिरवलं.

महाबाहूच्या पाठीमागे, चौकटीच्या डाव्या कोपऱ्यात, अंधार होता. छापील अंकात तो कोपरा नुसता काळा आलाय. मूळ पानावर शाई उडाल्यामुळे काळ्यात काळं दिसत होतं. एक टेबल. दोन स्टुलं. एक स्टूल रिकामं, त्याच्यापुढे टेबलावर ब्रश आडवा पडलेला. दुसऱ्या स्टुलावर एक माणूस, जाड चष्मा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, वाकून लिहिणारा. निब डाव्या हातात होती.

मी डावखुरा आहे.

फ्रेडरिकला ही खोड होतीच. बाजाराच्या चित्रात, सभेच्या गर्दीत तो आम्हा दोघांना कुठेतरी घालायचा आणि मी शोधून काढेपर्यंत सांगायचा नाही. स्वतःला काढल्याशिवाय तो मला कधीही काढत नसे. त्या रिकाम्या स्टुलावर कुणीतरी बसलेलं असायला हवं होतं.

मी कोपऱ्यावर बोट ठेवलं. टेबलाच्या वर, स्लॅबच्या कडेला, गिलावा लागला. तिथेही ब्लेडने खरवडलेलं होतं आणि तिथेही पांढऱ्याचे तेवढेच थर होते. दर मे महिन्यात तो दोन ठिकाणी वर घेत होता. त्याला मला का सांगायचं नव्हतं, हे कळायला मला फार वेळ लागला नाही. महाबाहूची पाठ होती कोपऱ्याकडे. तिथे कुणी बसलंय हे त्याला माहीत नव्हतं. तो उभा होता मुलीसाठी, आणि मुलगी गेल्यावर त्याने उभं राहावं असं काही कारण उरत नव्हतं.

लिहिणाऱ्या माणसाच्या डोक्यावर मी पट्टी धरली नाही. मी कालवलेल्या रंगावर झाकण ठेवलं आणि चारच्या आतच घरी गेलो. हा सगळा एका डागाळलेल्या पुठ्ठ्याचा खेळ आहे, असं मी चालताना स्वतःला सांगत होतो. ते खरं असेल तर उद्या शब्द बदलायला काहीच हरकत नव्हती. ते खोटं असेल तर टिफनीला एकच दिवस उरला होता. दोन्ही बाजूंनी उत्तर एकच येत होतं, तरी मला जेवण गेलं नाही. मी भ्यालो होतो, हे कबूल करतो.

७

एकवीस तारखेला सकाळी साडेदहाला फोन आला. मी पट्टी चिकटवून, वाळवून, समोर घेऊन बसलो होतो. निब दोनदा पुसून झाली होती.

"अंकल," टिफनीचा आवाज अगदी शांत होता. "मी फाटकाशी आहे. टॅक्सी उभी आहे, बॅगा ठेवल्या. पाय नाही उचलत."

मागून तिच्या आईचा आवाज आला. "टिफनी, पानी घेतलं का गं? जा बाई, उशीर होतो."

"फोन चालू ठेव," मी म्हटलं. स्पीकर लावून फोन टेबलावर ठेवला.

मुलीचं डोकं आणि स्लॅब ह्यांच्या मध्ये आता एक ओळसुद्धा बसली नसती. रव्याचा आवाज सुरू झाला होता आणि थांबत नव्हता. मी निब बुडवली. आयुष्यभर दुसऱ्यांचे शब्द लिहिले. स्वतःचं एकच वाक्य लिहिलं, आणि ते एका पोरीच्या पायात बावीस वर्षं अडकलं. ते सोडवायला दुसरं कुणी येणार नव्हतं. मला फ्रेडरिकची फार आठवण आली.

मी लिहिलं, 'पळ.' दोन अक्षरं आणि एक टिंब, माझ्या उमेदीच्या काळातल्यासारखी. ओल्या शाईवर करडी धूळ येऊन बसली.

फोनमधून फाटकाची कडी वाजली. मग चपलांचा आवाज, भराभर, मग गाडीचं दार.

"अंकल, मी बसले," टिफनी म्हणाली. तिला धाप लागली होती. "डोक्यावर काही नाहीये. खरंच काही नाहीये."

"छान," मी म्हटलं. "मागे बघू नकोस. पोचलीस की कळव."

फोन बंद झाल्यावर मी चित्राकडे बघितलं. मुलगी होती तिथे मुलीएवढा कोरा कागद होता. मी टेबलाच्या कडा दोन्ही हातांनी धरल्या आणि वाट बघितली. किती वेळ ते माहीत नाही. स्लॅब खाली आला नाही. रव्याचा आवाज थांबला होता.

महाबाहू तसाच उभा होता. फक्त त्याने मान वळवली होती. त्याचा चेहरा आता दिसत नव्हता, एक कान आणि गालाची कड तेवढी दिसत होती. तो मागे, कोपऱ्याकडे बघत होता.

८

टिफनीचा फोटो आलाय. परक्या गावातला रस्ता, शेजारी जेन्सन, टिफनीच्या अंगात जाड कोट. मान सरळ आहे. आशालताने तो फोटो सगळ्या नातेवाइकांना दाखवला.

बोर्ड मी फळीवर ठेवलाय, भिंतीकडे तोंड करून. मला रेषा काढता येत नाही, आणि आमचा करारही होता. सिमेंटची धूळ अधूनमधून पडते. मी पुसतो.

काल एक गृहस्थ दवाखान्याची पाटी घ्यायला आले होते. चाळिशीचे, डॉक्टर. पाटी बघता बघता त्यांनी मला ओळखलं आणि ठरलेला प्रश्न विचारला. "काका, शेवटी ती मुलगी वाचली का हो?"

"वाचली," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला. "खरंच? आणि महाबाहू?"

"तो अजून उभा आहे."

ते हसले. पाटी जड होती, म्हणून मी ती त्यांच्याबरोबर गाडीपर्यंत धरायला निघालो. ते पुढे, मी मागे. शटर पूर्ण वर होतं. बाहेर पडताना मी वाकलो.